काँग्रेस आणि भाजप खरंच वेगळे आहेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मतदार-जागृतीच्या कार्यक्रमात शेवटी आम्ही चिठ्ठ्या मागवतो. उभं राहून विचारायला लोक बिचकतात, चिठ्ठीवर मात्र हात मोकळा सुटतो. गेल्या काही निवडणुकांतल्या चिठ्ठ्या माझ्याकडे एका चपलांच्या खोक्यात साठल्या आहेत. परवा सगळ्या काढून लावल्या, तर निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या एकाच प्रश्नाभोवती फिरणाऱ्या निघाल्या. एकीवर तर नुसतं ‘उडदामाजी काळे-गोरे?’ एवढंच लिहिलंय. त्या सगळ्या इथे एकत्र केल्या आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा धागा असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. दोन प्रमुख पक्ष म्हणजे नेमके कोणते? आमच्याकडे मतदान यंत्रावर पंधरा चिन्हं असतात.

देशपातळीवर भाजप आणि काँग्रेस. पण ‘दोन’ हा सोयीचा शब्द आहे, हे आधीच सांगून टाकतो. २०२४च्या लोकसभेत भाजपला साडेछत्तीस टक्के मतं आणि २४० जागा मिळाल्या, काँग्रेसला २१ टक्के आणि ९९ जागा. दोघांची बेरीज ५८च्या आसपास. म्हणजे दहातल्या चार मतदारांनी या दोघांपैकी कोणालाच मत दिलं नाही. महाराष्ट्रात शिवसेना आणि राष्ट्रवादी दोन्ही फुटल्यावर तर कोण कोणाच्या विरोधात उभं आहे हे सांगायला कागद-पेन्सिल लागते. गोव्यात लढत पुष्कळशी या दोघांत होते, पण तिथेही मगोपासून (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आपपर्यंत बाकीचे असतातच.

२. लांबण नको. फरक आहे की नाही, एका वाक्यात सांगा.

देश कोणाचा या प्रश्नावर ते एकमेकांपासून खूप लांब आहेत. पक्षाला पैसा कुठून आणायचा, पोलिसांच्या हातात किती ताकद द्यायची आणि कांदा महागला की कोणाला दुखवायचं, या प्रश्नांवर ते शेजारी-शेजारी बसतात.

दुसरं वाक्य फुकट देतो. सत्तेतल्या भाजपचं सत्तेतल्या काँग्रेसशी जेवढं जमेल, तेवढं विरोधातल्या भाजपशी जमणार नाही. काँग्रेसचंही तसंच. म्हणून मी पक्षाचं नाव विचारायच्या आधी तो कुठल्या बाकावर बसलाय ते बघतो.

३. मग मूळचा फरक कुठला?

जन्माचा. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात भरलं. खरं तर ते पुण्यात व्हायचं होतं, पण पुण्यात कॉलऱ्याची साथ आली. तो पक्ष सगळ्या जातिधर्मांच्या लोकांना एका मंडपात बसवायच्या कल्पनेतून वाढला. भाजपचं मूळ १९५१च्या जनसंघात आणि त्याआधी १९२५ साली नागपुरात सुरू झालेल्या संघात आहे. तिथे मध्यवर्ती कल्पना हिंदू संस्कृती हाच राष्ट्राचा आधार, ही. जनसंघ आणीबाणीनंतर जनता पक्षात विरघळला आणि ६ एप्रिल १९८०ला भारतीय जनता पक्ष म्हणून वेगळा झाला.

कलम ३७०, अयोध्येतलं राममंदिर आणि समान नागरी कायदा हे तीन विषय भाजपने दशकानुदशकं सोडले नाहीत. ३७० गेलं ऑगस्ट २०१९मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. शेजारच्या तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली आणि त्या यादीत मुसलमान नाहीत. काँग्रेसने त्याच्या विरोधात मत दिलं. काँग्रेस सत्तेत असती तर हा कायदा याच स्वरूपात आला असता, असं त्या पक्षाचे टीकाकारसुद्धा म्हणणार नाहीत. ज्याचे कागद तपासले जाण्याची शक्यता कमी, त्याला ‘सगळे सारखेच’ म्हणणं सोपं जातं. भिवंडीत किंवा मालेगावात हे वाक्य इतक्या सहज ऐकू येत नाही. उलट ज्याला राममंदिर किंवा ३७० हा आयुष्यभराचा विषय वाटत होता, त्यालाही ‘सारखेच’ म्हणता येत नाही. त्याच्या दृष्टीने एकाने केलं आणि दुसऱ्याने केलं नाही.

४. पण बाबरीचं कुलूप काँग्रेसच्याच काळात उघडलं ना?

हो. फेब्रुवारी १९८६, पंतप्रधान राजीव गांधी. १९८९च्या नोव्हेंबरात शिलान्यासाला परवानगी दिली तीही त्यांच्याच सरकारने. भाजपने मंदिराचा ठराव पालमपूरला केला तो त्याच वर्षी जूनमध्ये. काँग्रेसला अधूनमधून हिंदू मतांची काळजी वाटते आणि मग ती अर्धं पाऊल टाकते. अर्ध्या पावलाने कोणीच खूश होत नाही. जानेवारी २०२४मध्ये प्राणप्रतिष्ठेच्या निमंत्रणाला पक्षाने नकार दिला, तर त्यांच्याच काही नेत्यांना ते पटलं नाही. भाजपचं याबाबतीत निदान गोंधळाचं नाही.

५. आर्थिक धोरणात तर दोघेही एकच ना?

दिशेत बऱ्यापैकी. उदारीकरण १९९१मध्ये काँग्रेसच्या नरसिंह रावांनी सुरू केलं. रामटेकहून दोनदा लोकसभेवर गेलेला, अस्खलित मराठी बोलणारा हा माणूस. वाजपेयींनी त्याला वेग दिला, मनमोहनसिंगांनी चालू ठेवलं, मोदींनी मागे फिरवलं नाही. गंमत म्हणजे १९८०च्या डिसेंबरात भाजपचं पहिलं अधिवेशन मुंबईत झालं, तेव्हा पक्षाने स्वीकारलेलं तत्त्व होतं ‘गांधीवादी समाजवाद’.

कल्याणकारी योजनांत मात्र जरा थांबून बघायला हवं. मनरेगा हा २००५चा काँग्रेसप्रणीत सरकारचा कायदा, आणि त्याची आजी म्हणजे आपली दुष्काळातली रोजगार हमी योजना. २०१५मध्ये मोदींनी लोकसभेत सांगितलं की ही योजना मी बंद करणार नाही, कारण ती तुमच्या अपयशाचं जिवंत स्मारक आहे. पुढे कोविडच्या वर्षी त्याच योजनेवर एक लाख कोटींहून जास्त खर्च झाला. स्मारक चांगलंच कामाला आलं. मग २०२५च्या डिसेंबरात तो कायदाच बदलला. नव्या कायद्यात कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे केले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के भार टाकला. दहा वर्षं ‘दोघांचं एकच’ म्हणणारे बरोबर होते, अकराव्या वर्षी चूक ठरले.

६. विरोधात असताना विरोध आणि सत्तेत आल्यावर तेच. याला काय म्हणायचं?

चिठ्ठीत पुढे जो शब्द लिहिलाय तो इथे छापत नाही. उदाहरणं देतो.

आधार. सप्टेंबर २०१०मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. सोनिया गांधी आणि मनमोहनसिंग स्वतः आले होते. २०१४च्या प्रचारात मोदींनी आधारवर कडक टीका केली. २०१६मध्ये त्यांच्या सरकारने आधारला कायद्याचं कवच दिलं, तेही धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येऊ नये अशी सोय करून. मग आधार ज्यांनी आणलं त्या काँग्रेसचे जयराम रमेश त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

जीएसटी. काँग्रेसच्या काळात २०११मध्ये विधेयक आलं, तेव्हा सर्वांत जोरात अडवणारं राज्य होतं गुजरात. २०१६मध्ये घटनादुरुस्ती राज्यसभेत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाली.

बांगलादेशाशी जमिनीची अदलाबदल. २०१३मध्ये भाजपचा विरोध, २०१५मध्ये भाजप सरकारनेच घटनादुरुस्ती करून घेतली.

आणि आमच्या पिढीला न विसरता येणारं: एन्रॉन. या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा करार काँग्रेसच्या काळातला. १९९५मध्ये युतीने ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ म्हणत निवडणूक जिंकली, गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने अहवाल दिला, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. केंद्राच्या प्रतिहमीवर (राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल, या हमीवर) शिक्कामोर्तब केलं ते १९९६च्या मे महिन्यात, वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारने. ज्या सरकारला विश्वासदर्शक ठराव जिंकता आला नाही, त्याला एन्रॉनची फाइल तेवढी सापडली.

मला स्वतःला यात सगळंच वाईट वाटत नाही. जीएसटीसारख्या कामात सरकार बदललं म्हणून काम फेकून दिलं नाही, हे बरंच झालं. चीड येते ती मधल्या वाया गेलेल्या वर्षांची.

७. शेतकऱ्याला काय फरक पडतो?

नात्यातला एक कांदा उत्पादक आहे, निफाड तालुक्यातला. चाळीत उन्हाळ कांदा भरून तो लासलगावच्या भावाकडे डोळे लावून बसतो. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदीची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा लाल कांदा ट्रॅक्टरमध्ये भरलेला होता. त्याने ट्रॉलीवरची ताडपत्री परत बांधली आणि मला फोन केला. भाजपला शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “भाऊ, दहा सालीबी असंच झालं होतं. तवा मी गावात काँग्रेसला शिव्या दिल्या होत्या. आता नवी शिवी तरी कुठून आणू?”

त्याची आठवण पक्की आहे. डिसेंबर २०१०मध्ये भाव भडकले आणि केंद्राने निर्यात बंद केली. सप्टेंबर २०११मध्ये पुन्हा. तेव्हा केंद्रात कृषिमंत्री महाराष्ट्रातलेच, शरद पवार. ऑगस्ट २०२३मध्ये भाजप सरकारने चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात पूर्ण बंदी. ती उठली ४ मे २०२४ला, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, आणि शुल्क तसंच ठेवून. दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या भाजपच्या उमेदवार पडल्या. सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर, शुल्क निम्मं झालं. १ एप्रिल २०२५पासून ते पूर्ण गेलं.

असं का होतं? कांदा पिकवणारे काही जिल्ह्यांत, खाणारे सगळीकडे. १९९८मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीतलं भाजपचं सरकार घालवलं, हे दोन्ही पक्षांच्या मुख्यालयांत कोणी विसरलेलं नाही. निर्यात थांबवायला एक अधिसूचना पुरते आणि ती रात्रीत काढता येते. साठवणूक, प्रक्रिया, विमा यांना वर्षं लागतात.

बाजार समित्यांबाबतही तसंच. काँग्रेसने २०१९च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करण्याचं लिहिलं होतं. २०२०मध्ये भाजपने त्याच दिशेचे कृषी कायदे आणले, तेव्हा काँग्रेस रस्त्यावर उतरली. फरक पद्धतीचा होता: अध्यादेश काढून, राज्यांना न विचारता, राज्यसभेत आवाजी मतदानाने. तो फरक छोटा नव्हता, दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसलेल्यांना विचारा. पण कायद्यातली कल्पना कोणाची, यावर दोघांनीही आवाज चढवू नये. कर्जमाफीचं तर सांगायलाच नको. २००८, २०१७, २०१९: तिन्ही वेळा सरकारं वेगळी, रांगा त्याच.

८. लाडकी बहीण ही रेवडी आहे की नाही?

जुलै २०२२मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’ हा शब्द चलनात आणला. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या भाजप सरकारने लाडली बहना सुरू केली आणि कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारने गृहलक्ष्मी. २०२४मध्ये महाराष्ट्रात महायुतीने दीड हजार दिले, एकवीसशेचं वचन दिलं. महाविकास आघाडीने तीन हजारांचं दिलं. थोडक्यात, आपण देतो तो सन्मान, समोरचा देतो ती रेवडी. घेणाऱ्या बाईला दोन्ही नोटांवर गांधीच दिसतात.

९. जुन्या पेन्शनबद्दल कोण खरं बोलतंय?

मार्च २०२३च्या संपात राज्य कर्मचाऱ्यांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला की उत्तर पाठ झालंय. जुन्या पेन्शनमध्ये रकमेची हमी होती, नवी वर्गणीवर आणि बाजारावर अवलंबून. केंद्रात १ जानेवारी २००४पासून नवी पेन्शन आणली वाजपेयी सरकारने. महाराष्ट्रात नोव्हेंबर २००५पासून ती लागू केली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने. तिला कायद्याचं रूप दिलं मनमोहनसिंग सरकारने २०१३मध्ये, भाजपच्या पाठिंब्याने. मग राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल इथे काँग्रेसने जुनी पेन्शन परत देण्याचा मार्ग धरला, पण २०२४च्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात ती गाळली. भाजपने तोपर्यंत ‘परवडणार नाही’ म्हटलं आणि ऑगस्ट २०२४मध्ये हमीची एकीकृत पेन्शन आणली. आता कोण खरं बोलतंय ते तुम्हीच लावा.

१०. पक्षांना पैसा कुठून येतो, यात दोघांत काही फरक?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे दोघांनी खरोखर हातात हात घालून काम केलं आहे. जरा सविस्तर सांगतो.

परदेशी स्रोतांकडून पक्षांनी देणगी घ्यायची नाही, असा कायदा १९७६पासून आहे. मार्च २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप दोघांनीही तो मोडला. देणग्या वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून आलेल्या होत्या, त्यात आपल्या गोव्याच्या खाणींतली सेसा गोवाही होती. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान सरकार बदललं. २०१६च्या वित्त कायद्यात ‘परदेशी स्रोत’ याची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली गेली, २०१०पासून. दोन्ही पक्षांनी आपापली अपिलं मागे घेतली. पण काही देणग्या २०१०च्या आधीच्या होत्या. मग २०१८च्या वित्त विधेयकात तारीख मागे नेत थेट १९७६ला नेऊन ठेवली. ते विधेयक लोकसभेत गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं. रोज एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या दोघांपैकी एकालाही यावर गळा काढावासा वाटला नाही.

माहिती अधिकाराचंही तेच. जून २०१३मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरवलं. सहांपैकी एकानेही माहिती अधिकारी नेमला नाही. काँग्रेस सरकारने पक्षांना वगळणारं विधेयक दोन महिन्यांत आणलं, ते मंजूर व्हायचं राहिलं. २०१५मध्ये भाजप सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की पक्षांना या कायद्याखाली आणू नये.

निवडणूक रोख्यांत मात्र फरक दाखवावा लागेल. ती योजना भाजप सरकारची, आणि सर्वाधिक पैसाही भाजपलाच. काँग्रेसने विरोध केला, रोखे मात्र वटवले. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली.

११. ईडी-सीबीआय आधीही वापरायचेच की. मग आताच ओरड का?

हत्यारं बहुतेक एकाने घडवली आणि दुसऱ्याने धार लावली. मनी लॉन्डरिंगचा कायदा वाजपेयींच्या काळात मंजूर झाला, अमलात आला काँग्रेसच्या काळात २००५ला, नंतर दोघांनीही तो कडक केला. यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखण्याचा कायदा, १९६७चा, काँग्रेसचा. त्यातली जामीन अवघड करणारी तरतूद २६/११नंतर काँग्रेसच्याच सरकारची. व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची तरतूद २०१९मधली, भाजपची. सीबीआयला सर्वोच्च न्यायालयाने ‘पिंजऱ्यातला पोपट’ म्हटलं ते मे २०१३मध्ये, म्हणजे पिंजरा कोणाच्या अंगणात टांगलेला होता ते उघड आहे. आणि आणीबाणी काँग्रेसची, ती कोणत्याही तुलनेत हलकी होत नाही.

तरीही ‘आधीही व्हायचं’ हे आजच्या गोष्टीचं उत्तर नाही. पदावर असलेल्या मुख्यमंत्र्याला ईडीने अटक करणं, चौकशी सुरू असलेले नेते पक्ष बदलल्यावर चौकशीची गती बदलणं, या गोष्टींचं समर्थन जुन्या पापांच्या यादीने होत नाही. प्रमाणाचा फरक एका मर्यादेपलीकडे प्रकाराचाच फरक होतो. ती मर्यादा ओलांडली का, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत.

१२. नेते इकडून तिकडे इतक्या सहज जातात, म्हणजे विचार एकच असणार ना?

२०२२च्या जानेवारीतला गोवा आठवा. काँग्रेसने आपले उमेदवार बसमध्ये बसवले आणि पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसाजवळ आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं. तिन्ही ठिकाणी शपथ घेतली: निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. ११ जण निवडून आले. सप्टेंबरात त्यांतले ८ भाजपमध्ये गेले. त्यांत दिगंबर कामत होते. मूळचे भाजपचे, २००५मध्ये काँग्रेसमध्ये आलेले, काँग्रेसचे मुख्यमंत्री झालेले आणि आता परत. शपथेचं काय, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आपण पुन्हा देवाला विचारलं. देवाने हरकत घेतली नाही म्हणे.

आठच का? कारण पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश आमदारांच्या ‘विलीनीकरणाला’ माफी आहे. ११चे दोन तृतीयांश म्हणजे ८. २०१९मध्ये १५पैकी १० गेले होते, तेही बरोबर दोन तृतीयांश. हा कायदा १९८५मध्ये राजीव गांधींनी आणला, २००३मध्ये वाजपेयींनी एक तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली. मोठी पळवाट दोघांनीही ठेवली.

वाहतूक एकेरी नाही, पण समतोलही नाही. विधानसभेतले काँग्रेसचे विरोधी पक्षनेते राधाकृष्ण विखे-पाटील २०१९मध्ये भाजपमध्ये गेले, माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण २०२४मध्ये. उलट दिशेला नाना पटोले: २०१४ला भाजपचे खासदार, २०१७च्या अखेरीस राजीनामा, पुढे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष. यावरून विचार एक आहेत असं नाही ठरत. माणसं विचारासाठी पक्षात नव्हती, एवढं ठरतं. साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि बँक सांभाळायची असेल तर सरकारशी फार काळ भांडून चालत नाही.

१३. एकाच पक्षाची दोन राज्यांत दोन तोंडं कशी?

कारण मतदार दोन आहेत. गोवंशाचंच घ्या. महाराष्ट्रात गाय कापायला बंदी १९७६पासून, काँग्रेस सरकारच्या कायद्याने. युती सरकारने १९९५मध्ये ती बैल-वळूंपर्यंत वाढवणारं विधेयक मंजूर केलं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली थेट मार्च २०१५मध्ये. पण २०१७च्या जुलैत गोव्याच्या विधानसभेत भाजपचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर सांगत होते की बीफ कमी पडू देणार नाही, लागलं तर कर्नाटकातून आणू. गोव्यातल्याच वाळपई आणि मडगाव यांच्यामध्ये गाडीने दीड तासाचं अंतर आहे, त्यात राजकारणाला बरंच वळावं लागतं.

समान नागरी कायद्याचाही असाच गोव्याचा अपवाद. पोर्तुगीज काळापासून तिथे कुटुंबकायदा बहुतांशी समान आहे, आणि काँग्रेसच्या सरकारांनी तो कधी हलवला नाही.

१४. आरक्षण आणि जातगणनेवर तरी स्पष्ट भूमिका आहेत ना?

भूमिका बदलण्याचा वेग स्पष्ट आहे. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत सगळ्या जाती मोजणं थांबलं ते काँग्रेसच्या काळात. २०११च्या पाहणीतली जातींची आकडेवारी दोन्ही सरकारांनी दाबून ठेवली. मग काँग्रेसने जातगणना हा मुख्य मुद्दा केला. भाजप सरकारने २०२१मध्ये संसदेत नकार दिला होता, ३० एप्रिल २०२५ला होकार दिला.

महाराष्ट्रात मराठा आरक्षण २०१४मध्ये आघाडीने, २०१८मध्ये फडणवीस सरकारने, २०२४मध्ये शिंदे सरकारने दिलं. इथपर्यंत सारखे. पण २०१४च्या त्याच निर्णयांत मुस्लिमांतल्या मागास गटांसाठी पाच टक्के होते. शिक्षणातल्या त्या आरक्षणाला उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात हात लावला नव्हता. नव्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा केला आणि हे तेवढं सोडून दिलं. प्रश्न ३ मधला फरक असा शासन निर्णयांच्या तळाशी सापडतो.

१५. आमच्या नगरपालिकेत दोघे एकत्र आले! आता काय म्हणाल?

अंबरनाथचे असाल तर ओळखलं. जानेवारी २०२६मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेला बाहेर ठेवायला भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एका आघाडीत बसले. वरून डोळे वटारले गेले, काँग्रेसने आपल्यांना निलंबित केलं आणि ते भाजपमध्ये दाखल झाले. नगरपालिकेत पक्ष हे बहुतेकदा आडनावासारखं असतं, लग्नात बदलतं. तिथे गटार, टँकर आणि ठेकेदार यांवर मत द्या.

१६. घराणेशाही काँग्रेसमध्ये, शिस्त भाजपमध्ये. हे खरं आहे?

वरच्या मजल्यावर बरंचसं खरं. काँग्रेसमध्ये अध्यक्ष कोणीही असो, शेवटचा शब्द कोणाचा ते शिपायालाही माहीत असतं. भाजपमध्ये अध्यक्षपद घराण्यात जात नाही, आणि संघाच्या शाखांमुळे पक्षाला मतदान केंद्रापर्यंत माणसं मिळतात. काँग्रेसकडे तसं काही उरलेलं नाही. माझ्या मते हा दोघांतला सर्वांत मोठा व्यावहारिक फरक आहे. तालुक्याच्या मजल्यावर उतरलं की मात्र दोन्हीकडे ‘दादांचे चिरंजीव’ भेटतात, आणि अनेकदा चिरंजीव तेच असतात (प्रश्न १२).

१७. भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडेही हेच रडगाणं आहे.

आहे, आणि जुनं आहे. १९६८मध्ये जॉर्ज वॉलेस याच मुद्द्यावर तिसरा उमेदवार म्हणून उभा राहिला: दोन पक्षांत दमडीचाही फरक नाही. त्याच्याही आधी, १९५०मध्ये, तिथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने तक्रार केली होती की दोन्ही पक्ष मतदाराला पुरेसा वेगळा पर्याय देत नाहीत. आज तिथे उलट तक्रार ऐकू येते, की ते इतके वेगळे झालेत की एका टेबलावर जेवता येत नाही. भाच्याला विचारा, त्याला कुठलं जास्त आवडेल.

१८. दोघेही नकोत. नोटा दाबू?

हक्क आहे. पण यंत्रणा समजून घ्या. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत पुढे असेल तो निवडून येतो. २०१९मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून जास्त मतं घेऊन दुसरी आली, निकालावर परिणाम शून्य. २०२४मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली, तेव्हा दोन लाखांवर लोकांनी नोटा दाबली. खासदार झाला तो झालाच. अपवाद आपल्याकडचा आहे: राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८च्या आदेशाप्रमाणे महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत नोटा पहिली आली तर फेरनिवडणूक घ्यावी लागते.

१९. माझ्या खासदाराने कुठल्या कायद्याला काय मत दिलं, ते कुठे बघायला मिळेल?

या पानावरचा सर्वांत चांगला प्रश्न, आणि उत्तर निराश करणारं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’वाल्यांचा आवाज मोठा, असं अध्यक्ष म्हणाले की झालं, कोणी काय म्हटलं याची नोंद राहत नाही. एखाद्या सदस्याने मतविभाजन मागितलं तरच नावानिशी मतं नोंदली जातात. ती लोकसभा-राज्यसभेच्या कामकाजाच्या वृत्तांतात सापडतात, आणि वृत्तांत दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर असतो. जिथे नोंद आहे तिथेही व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, असतो. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे तुम्हाला दिसेल ते पक्षाचं मत.

खासदाराचं स्वतःचं असं काही बघायचं असेल तर त्याने विचारलेले प्रश्न वाचा. ते त्याच संकेतस्थळांवर तारखेनिशी असतात. माझ्या खासदाराचे मी वाचले. एका अधिवेशनात कांद्यावर चार आणि पेन्शनवर एक. तेव्हा त्यांचा पक्ष विरोधात होता. सरकार बदलल्यानंतरच्या अधिवेशनांत कांद्यावरचा प्रश्न मी अजून शोधतोय.